ओळखीच्या नावाने आलेले पत्र

गुरुवार, दिनांक ४ मे २००० रोजी आशियातील कचेऱ्या उघडल्या, तेव्हा अनेकांच्या संगणकावर एक छोटे पत्र येऊन पडलेले होते. विषयाच्या जागी इंग्रजीत 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' एवढेच शब्द होते. आत एकच ओळ होती: सोबत जोडलेले माझे प्रेमपत्र कृपया पाहावे. पाठवणाऱ्याचे नाव अनोळखी नव्हते. कोणाला ते सहकाऱ्याकडून आले होते, कोणाला वरिष्ठांकडून, तर कोणाला अनेक वर्षांच्या गिऱ्हाइकाकडून. कोणाला हसू आले, कोणाला संकोच वाटला, कोणाला ती थट्टा वाटली. परंतु जोडलेला कागद उघडून पाहण्याचा मोह पुष्कळांना आवरला नाही.

फिलिपिन्समधील मनिला शहरातून निघालेले हे पत्र सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकत गेले. जेथे सकाळ होई आणि माणसे कामाला बसत, तेथे ते पसरे. हाँगकाँगनंतर युरोपची पाळी आली आणि त्यानंतर अमेरिकेची. ब्रिटनच्या संसदेतील हाउस ऑफ कॉमन्सला आपली ईमेल व्यवस्था काही काळ बंद ठेवावी लागली. अमेरिकेच्या संरक्षण खात्यालाही त्याचा उपद्रव झाला. लक्षावधी संगणक बाधित झाले आणि नुकसानीचे अंदाज अब्जावधी डॉलरच्या घरात गेले.

या प्रकारात कोणाचेही कुलूप फुटले नव्हते. ज्याने त्याने आपल्याच हाताने दार उघडले होते, कारण बाहेर ओळखीचा माणूस उभा आहे असे त्याला वाटले. ईमेलच्या विषाणूंचा चाळीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर तंत्र वारंवार बदललेले दिसते. ही एक गोष्ट मात्र बदललेली नाही. हा विषाणू दुसऱ्याची पत उसनी घेऊन येतो. ज्यांचा सारा व्यवहार पतीवर उभा आहे, त्या व्यापारी कुटुंबांना म्हणूनच त्याची रीत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाचा विषाणू हा सजीव नसतो. तो माणसाने लिहिलेल्या आज्ञांचा एक छोटा संच, म्हणजेच एक प्रोग्रॅम असतो. आपल्या प्रती काढणे आणि त्या दुसरीकडे पोहोचवणे, हे त्याचे पहिले काम. शास्त्रीय भाषेत दुसऱ्या फाइलला चिकटून जगणाऱ्याला व्हायरस आणि स्वतःच्या बळावर संचार करणाऱ्याला वर्म, म्हणजे कृमी, असे म्हणतात. व्यवहारात दोहोंना विषाणूच म्हटले जाते. असा प्रोग्रॅम संगणकावर नुसता येऊन पडला, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. बंद पुडीतील विषाप्रमाणे तो पडून राहतो. त्याला चालवण्यासाठी कोणीतरी ती पुडी उघडावी लागते. म्हणून विषाणू लिहिणाऱ्याची निम्मी बुद्धी प्रोग्रॅममध्ये आणि निम्मी पत्राच्या मजकुरात खर्च झालेली असते.

मनिलाच्या त्या पत्राची युक्ती पाहण्याजोगी होती. फाइलच्या नावाच्या अखेरीस टिंबानंतर जी अक्षरे येतात, त्यांवरून फाइलची जात कळते. टीएक्सटी ही अक्षरे असली तर तो साधा लिहिलेला मजकूर, जेपीजी असली तर छायाचित्र, आणि व्हीबीएस किंवा ईएक्सई असली तर संगणकाला काम करायला लावणारा प्रोग्रॅम. परिचित जातींची ही शेवटची अक्षरे विंडोज प्रणाली पडद्यावर दाखवत नसे. आजही विंडोजमध्ये ती मुळात लपवलेलीच असतात. त्या प्रेमपत्राच्या नावात आधी टीएक्सटी आणि त्यानंतर व्हीबीएस अशी दोन शेपटे होती. त्यांतील खरे, शेवटचे शेपूट लपले आणि खोटे तेवढे दिसले. पाहणाऱ्याला वाटले, हा तर साधा कागद आहे.

तो उघडताच प्रोग्रॅम जागा होई. आउटलुक या ईमेल साधनाच्या पत्तेवहीत जितकी नावे असतील, त्या प्रत्येकाला तो त्याच माणसाच्या नावाने तेच पत्र पाठवी. संगणकातील छायाचित्रांच्या जागी तो आपल्या प्रती लिहून ठेवी, त्यामुळे कुटुंबाची जपून ठेवलेली चित्रे कायमची नष्ट होत. पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घेण्याचाही तो प्रयत्न करी. अशा रीतीने फसलेला माणूस क्षणार्धात फसवणाऱ्याचा हस्तक बनत असे, आणि तेही आपल्या सर्वांत जवळच्या लोकांविरुद्ध.

ही कल्पना मनिलात प्रथम सुचली असे मात्र नाही. डिसेंबर १९८७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील क्लाउस्टाल येथील तंत्रविद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने नाताळची शुभेच्छा म्हणून एक प्रोग्रॅम पाठवला. तो चालवला की पडद्यावर अक्षरांचे नाताळचे झाड उमटे. ते पाहण्यात माणूस गुंतला असताना प्रोग्रॅम त्याच्या यादीतील साऱ्या पत्त्यांवर आपल्या प्रती रवाना करी. विद्यापीठांच्या जाळ्यातून तो आयबीएम कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात शिरला आणि प्रतींच्या गर्दीने तेथील वाहतूक तुंबली. सणाची शुभेच्छा कोण नाकारणार?

दिनांक २६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत 'मेलिसा' प्रकटला. तो वर्डच्या कागदात मॅक्रो म्हणून दडलेला होता. मॅक्रो म्हणजे एकाच प्रकारची कामे आपोआप व्हावीत यासाठी कागदातच लिहून ठेवलेल्या आज्ञा. पत्रातील मजकूर असा: तुम्ही मागितलेला कागद सोबत आहे, इतर कोणाला दाखवू नका. कचेरीत काम करणाऱ्या माणसाला यात वावगे काही दिसत नाही. कोणी ना कोणी काही ना काही मागितलेलेच असते. कागद उघडून मॅक्रो चालू झाले की मेलिसा पत्तेवहीतील पहिल्या ५० जणांकडे जाई. बाधित संगणकावर लिहिलेला एखादा खाजगी मसुदाही त्यासोबत भलत्यांच्या हाती पडण्याचा धोका असे. मोठमोठ्या कंपन्यांनी आपली ईमेलची दारे काही काळ लावून घेतली. हा विषाणू लिहिणाऱ्या डेव्हिड स्मिथ याला आठवडाभरातच न्यू जर्सीत अटक झाली आणि पुढे २००२ मध्ये त्याला २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

फेब्रुवारी २००१ मध्ये टेनिसपटू ॲना कुर्निकोव्हाच्या छायाचित्राच्या मिषाने आणखी एक कृमी पसरला. नावात आधी जेपीजी आणि मागे व्हीबीएस, अशी तीच जुनी युक्ती त्यातही होती. तो पसरवणारा नेदरलँडमधील वीस वर्षांचा तरुण होता, आणि तयार मिळणाऱ्या साधनाने त्याने तो बनवला होता. प्रेमपत्राचा धडा मिळून वर्षही झाले नव्हते, तरी लोक पुन्हा फसले. सणाचा आनंद, कामाची तातडी, प्रेमाची ओढ, चित्राचे कुतूहल, अशी आमिषे बदलत गेली; माणसाचा स्वभाव तोच राहिला.

मनिलाच्या प्रकरणाचा शेवट मात्र निराळा झाला. संशय ओनेल द गुझमान या संगणक महाविद्यालयात शिकलेल्या तरुणावर गेला. पासवर्ड मिळवण्याच्या तंत्रावर त्याने मांडलेला प्रबंधाचा प्रस्ताव महाविद्यालयाने नाकारलेला होता. परंतु फिलिपिन्समध्ये त्या वेळी अशा कृत्याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, त्यामुळे त्याच्यावरील आरोप मागे घ्यावे लागले. तेथे दिनांक १४ जून २००० रोजी तसा कायदा झाला; मागील कृत्याला तो लावता आला नाही. पुढे वीस वर्षांनी, मनिलातील एका छोट्या मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या या गृहस्थाने ते कृत्य आपलेच असल्याचे एका पत्रकाराजवळ कबूल केले. इंटरनेट फुकट वापरता यावे म्हणून इतरांचे पासवर्ड मिळवणे, एवढाच आपला हेतू होता असे त्याने सांगितले. योगायोग असा, की भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमालाही त्याच महिन्यात, दिनांक ९ जून २००० रोजी, राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील कलम ४३ नुसार दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते.

यानंतरच्या विषाणूंनी एक पाऊल पुढे टाकले. आरंभीचे विषाणू ज्याच्या नावाने येत, त्याचाच संगणक खरोखर बाधित झालेला असे. २००१ च्या अखेरीस आलेला 'क्लेझ' आणि जानेवारी २००४ मध्ये आलेला 'मायडूम' यांनी पाठवणाऱ्याचे नावच खोटे घालण्यास सुरुवात केली. बाधित संगणकात सापडलेला एक पत्ता ते पाठवणारा म्हणून लिहीत आणि दुसऱ्या पत्त्यावर पत्र धाडीत. लिफाफ्याच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, त्यातलाच हा प्रकार. परिणामी ज्याचा काडीचाही संबंध नाही, त्याच्यावर ठपका येई. व्यापारात अशा एका गैरसमजाने जुना संबंध तुटू शकतो, म्हणून पत्रावर नाव दिसले एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवणे इष्ट नाही. मायडूमचे पत्र तर पुष्कळदा 'आपले पत्र पोहोचू शकले नाही' अशा यांत्रिक सूचनेसारखे दिसे. आपले कोणते पत्र परत आले, हे पाहण्यासाठी माणूस जोडलेली फाइल उघडी. क्लेझचा दुसरा विशेष असा, की ज्या संगणकावरील सॉफ्टवेअर अद्ययावत केलेले नसे, तेथे पत्र नुसते डोळ्यांखालून घातले तरी तो चालू होई. सॉफ्टवेअरच्या सुधारणा वेळेवर घालून घेण्याचे महत्त्व यावरून कळावे.

काही विषाणू वैद्याचे सोंग घेऊन आले. क्लेझच्या एका पत्रात 'क्लेझपासून संरक्षण देणारे साधन सोबत जोडले आहे' असा मजकूर असे. सप्टेंबर २००३ मधील 'स्वेन' हा तर थेट मायक्रोसॉफ्टने पाठवलेली सुरक्षा-सुधारणा म्हणून अवतरला. आणि २००२ साली जी अफवा पसरली, तिला तर प्रोग्रॅमचीही गरज पडली नाही. अमुक नावाची, अस्वलाच्या पिलाचे चित्र असलेली फाइल आपल्या संगणकात सापडली तर तो भयंकर विषाणू आहे, ती त्वरित काढून टाका आणि सर्व परिचितांना कळवा, असे तिच्यात म्हटले होते. फाइल सापडे, कारण ती विंडोजचाच एक निरुपद्रवी भाग होती. लोकांनी ती आपल्या हाताने पुसली आणि शुद्ध परोपकाराच्या भावनेने ती सूचना पुढे पाठवली. आज कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर 'सर्वांना पाठवा' असे सांगणारे जे संदेश फिरतात, ते याच कुळातले. पत्र पुढे पाठवण्याची घाई करण्यास जे सांगते, त्याबाबत थांबून विचार करणे श्रेयस्कर.

प्रेमपत्राचे दिवस आता सरले. आजच्या विषाणूला प्रसिद्धी नको, पैसा हवा. आणि त्यासाठी त्याने बिलाचे रूप घेतले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये पसरलेला 'लॉकी' थकलेल्या बिलाच्या नावाने येई. जोडलेला वर्डचा कागद उघडला की निरर्थक अक्षरे दिसत आणि वर सूचना असे: मजकूर नीट दिसत नसल्यास मॅक्रो चालू करा. वाचणारा ते करी आणि काही वेळातच त्याच्या संगणकातील हिशेब, पत्रे, छायाचित्रे सारे काही गूढ लिपीत बदलून जाई. ते पूर्ववत करून देण्यासाठी बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली जाई. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसमधील एका रुग्णालयाने अशाच प्रकारच्या हल्ल्यानंतर ४० बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे १७ हजार डॉलर, मोजल्याचे जाहीर केले होते.

त्याहून धूर्त निघाला तो २०१४ पासून वावरणारा 'एमोटेट'. आरंभी तो बँकेचे तपशील चोरी. पुढे तो बाधित संगणकातील जुना पत्रव्यवहारच उचलून नेऊ लागला आणि त्याच पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून नवे पत्र पाठवू लागला. मागील महिन्यात दोन पेढ्यांत मालाच्या भावाविषयी झालेला खरा पत्रव्यवहार खाली जसाच्या तसा, आणि वर फक्त एक ओळ: सोबतचा कागद पाहावा. अशा पत्रावर कोणाला शंका येणार? जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी युरोपोलच्या साहाय्याने एमोटेटची यंत्रणा ताब्यात घेतली. तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा दिसू लागला. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो मुळातच रोखून धरण्यास आरंभ केला, तेव्हा ठगांनी झिप केलेल्या फाइली आणि दुवे यांचा आश्रय घेतला.

पेढीवरील एखाद्या दुपारचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. महिनाअखेर आहे, जीएसटीचे विवरण भरायचे आहे, दोन गिऱ्हाइके समोर बसली आहेत आणि फोन वाजतो आहे. ईमेलमध्ये नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने 'दुरुस्त केलेले बिल' येते. दिवाणजी ते उघडतात. काही दिसत नाही; फाइल खराब असेल म्हणून ते पुढच्या कामाला लागतात. त्या क्षणापासून पेढीची सारी पत्रे परक्या डोळ्यांसमोर उघडी असतात. कोणाकडून किती येणे, कोणाला किती देणे, बिल कोणत्या तारखेला जाते, हे सारे कळते. मग नेमक्या वेळी गिऱ्हाइकाला पेढीच्या नावाने पत्र जाते की आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे पैसे भरते. पेढीला ते मिळत नाहीत. दोन्ही घरे खरी, दोघांचे कागद खरे, आणि मध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध पणाला लागतो.

या संकटावरील उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. पूर्वीच्या व्यापारात शाहजोग हुंडी चाले. तिची रक्कम हुंडी घेऊन येणाऱ्या कोणालाही दिली जात नसे. बाजारात ज्याची पत ठाऊक आहे अशा शाहालाच, किंवा त्याच्यामार्फत, ती चुकती केली जाई. कागद खरा दिसतो एवढे पुरेसे नव्हते; तो आणणारा कोण, याची खात्री करणे हा व्यवहाराचाच भाग होता आणि त्यात कोणाचा अपमान मानला जात नसे. ईमेलबाबत हीच रीत पुन्हा अंगी बाणवावी लागेल. अनपेक्षित कागद आला, तर त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारू नये, कारण ते उत्तर ठगाच्याच हाती पडू शकते. आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. बँक खाते बदलल्याची सूचना तर प्रत्यक्ष बोलल्याशिवाय कदापि मानू नये, मग पत्र कितीही जुन्या संबंधाचे असो.

याला काही साध्या तजविजींची जोड द्यावी. फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे दिसतील अशी व्यवस्था संगणकात करून घ्यावी. कागदातील मजकूर दिसण्यासाठी काही 'चालू करा' असे सांगितले जात असेल, तर तो कागद तेथेच मिटावा. विंडोज आणि विषाणूरोधक सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. हिशेबाची प्रत ठरावीक दिवशी बाह्य डिस्कवर काढावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिल्यास विषाणू तिलाही सोडत नाही. बँकेचे व्यवहार ज्या संगणकावर होतात, त्यावर मुलांचे खेळ आणि इतरांची ईमेल नसावी. संशय आलाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलावेत, बँकेला आणि व्यवहारातील मंडळींना सावध करावे. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या शासकीय मदत-क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ती रोखण्याचा प्रयत्न तेथून करता येतो.

मात्र या सर्व तजविजी एका गोष्टीवर अवलंबून आहेत. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने ती तत्काळ सांगितली पाहिजे. पुष्कळ पेढ्यांत नेमके हेच घडत नाही. नोकरी जाण्याच्या भयाने दिवाणजी गप्प राहतात, वडिलांच्या रागाच्या भयाने मुलगा गप्प राहतो, आणि 'या वयात एवढेही कळले नाही का' असे कोणी म्हणेल म्हणून स्वतः शेठजीही गप्प राहतात. विषाणूला हवा असलेला अवधी या मौनातून मिळतो. हाउस ऑफ कॉमन्समधील माणसे फसली, मोठ्या कंपन्यांतील जाणकार फसले. तेथे फसणे ही मूर्खपणाची खूण नाही. म्हणून ज्या घरातील वडीलधारी मंडळी आजच, काही घडण्यापूर्वीच, मुलांना आणि माणसांना सांगून ठेवतील की चूक झाली तर आधी आमच्याकडे या, कोणी रागावणार नाही, त्या घराने आपल्या पेढीचे निम्मे रक्षण केले असे समजावे.